पूर येणार म्हणतात, येणार नाही म्हणतात... टेम्पो कोणाच्या शब्दावर बोलवायचा?

कृष्णाकाठी

नमस्कार मंडळी. माझे आईबाबा सांगलीत गावभागात राहतात, मी पुण्यात. जुलै लागला की माझा जीव थाऱ्यावर नसतो.

गेल्या पावसाळ्यातली एक सकाळ सांगते. एका वाहिनीवर लाल पट्टी: 'कोयनेचे दरवाजे उघडले, सांगलीला महापुराचा धोका'. त्याच तासात प्रशासनाचं निवेदन: 'परिस्थिती नियंत्रणात, नागरिकांनी घाबरून जाऊ नये'. आणि माहेरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मामाने ढकललेला संदेश: 'अलमट्टीवाल्यांनी दरवाजे बंद केलेत, रात्रीत पाणी मारुती चौकात'. (अलमट्टी म्हणजे कृष्णेवरच आपल्या खालच्या अंगाला कर्नाटकात असलेलं धरण. तिथे पाणी अडवलं की ते मागे सांगलीपर्यंत फुगतं, असं लोक म्हणतात.) बाबांना फोन केला तर ते म्हणाले, "अगं, मी आत्ताच आयर्विन पुलावरून फिरून आलो. कालच्यापेक्षा वीतभर वर आहे, बस्स."

२०१९ मध्ये बाबांनी असंच म्हटलं होतं. २००५ ला पाणी आमच्या उंबऱ्याला टेकून परत गेलं होतं, त्यामुळे 'त्याच्या वर येत नाही' ही त्यांची खात्री होती. पण २०१९ ला घरात छातीला लागेल एवढं पाणी होतं. आजीचं शिवणयंत्र, लग्नाचे अल्बम, बाबांची पेटी, सगळं गेलं. म्हणून गेल्या वर्षी मी त्या लाल पट्टीवर विश्वास ठेवून टेम्पो बोलावला, सामान मिरजेला आत्याकडे हलवलं, आईला गुडघेदुखी असताना तीन जिने चढायला लावले. पाणी घाटाच्या वर फारसं आलंच नाही. आता आई म्हणते, "पुन्हा बातमीवरून मी हलणार नाही."

तर प्रश्न असा: तीन ठिकाणांहून तीन गोष्टी कानावर आल्या की तुम्ही खरं काय ते कसं ठरवता?

सुतारवाडा

ताई, आमच्या कोल्हापुरात सोपं हाय. जामदार क्लबापाशी पाणी आलं की गठुडं उचलायचं. मग टीव्ही काय का म्हणंना.

शंकासुर

माझं मत स्पष्ट आहे. सरकारी निवेदनावर विसंबू नका. 'परिस्थिती नियंत्रणात' हे वाक्य आधीच छापून ठेवलेलं असतं. करोनात काय झालं आठवा. १६ जून २०२० ला आपल्या राज्याने एका दिवसात १,३२८ जुने मृत्यू यादीत वाढवले, त्यातले ८६२ एकट्या मुंबईचे. म्हणजे त्याआधी कित्येक दिवस आपण जो आकडा वाचत होतो तो अपुरा होता. मग पुराच्या वेळी तेच सांगतात ते खरं कशावरून?

पाटकरी

(जलसंपदा विभागातून निवृत्त. तीस वर्षं याच पाण्यात गेली म्हणून थोडं सविस्तर लिहितो.)

कृष्णाकाठी, तुमच्या तिन्ही बातम्या नीट बघा. पहिली म्हणते 'दरवाजे उघडले'. ही घडलेली गोष्ट आहे, तपासता येते. 'महापुराचा धोका' हे त्या वाहिनीचं अनुमान आहे. 'घाबरून जाऊ नये' हा सल्ला आहे, त्यात माहिती शून्य. आणि मामांचा संदेश म्हणजे आरोप. चारही गोष्टी एकाच मापाने तोलायला गेलं की डोकं गरगरतं. मी फक्त मोजलेल्या गोष्टी उचलतो आणि बाकीच्या बाजूला ठेवतो.

आता मोजलेल्या गोष्टींतही फसगत होते ती एककामुळे. क्युसेक हा वेग आहे, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी वाहतं ते. टीएमसी हा साठा, अब्ज घनफुटांत. ११,५७४ क्युसेक पाणी चोवीस तास वाहिलं की एक टीएमसी होतं. कोयनेचा पूर्ण साठा १०५.२५ टीएमसी. पायथा विद्युतगृहाचं एक युनिट चालू केलं की १,०५० क्युसेक, दोन्ही चालू केली की २,१०० क्युसेक नदीत येतात. दिवसभर सोडले तरी पाव टीएमसीसुद्धा होत नाही. पण बातमी काय होते? 'कोयनेतून विसर्ग सुरू'! आणि एक लाख क्युसेक सोडले तर दिवसाला साडेआठ टीएमसीच्या वर. बातमी तीच: 'कोयनेतून विसर्ग सुरू'. मथळा एक, पाण्यात पन्नासपट फरक.

राधानगरी धरणाचंही तसंच. तिथे सात स्वयंचलित दरवाजे आहेत. तळं भरलं की ते आपले आपण उघडतात, कोणी बटण दाबत नाही. एका दरवाज्यातून १,४२८ क्युसेक. सातही उघडले तरी दहा हजारांच्या आतबाहेर. तरी दर वर्षी 'राधानगरीचे दरवाजे उघडले' वाचून कोल्हापुरात घरोघरी फोन वाजतात.

शंकासुर, तुमचा करोनाचा दाखला खरा आहे आणि मी तो नाकारत नाही. पण एक बघा. मेलेल्या माणसांची गणना कागदांवरून होते: रुग्णालयाचा कागद, पालिकेचा कागद, मग जुळवणी. तो आकडा उशिरा येतो आणि मुद्दाम उशिरा आणताही येतो. आयर्विन पुलाच्या खांबावरची पातळी तुम्ही, मी, बाजूचा पानवाला, सगळे उघड्या डोळ्यांनी बघतात. तिथे खोटं बोललं तर दुपारपर्यंत पकडलं जातं. म्हणून मी असा विचार करतो, की हा आकडा दुसऱ्या कोणाला स्वतंत्रपणे बघता येतो का? येत असेल तर तो सरकारी असला तरी मी धरतो.

मिरजेची_सून

पाटकरी काका, हे सगळं आधी कोणी असं सांगितलंच नव्हतं. स्क्रीनशॉट काढून घरच्या ग्रुपवर टाकला.

भवानी_मंडप

राधानगरीचे दरवाजे उघडले की आमच्या ऑफिसातला एक पोरगा दर वर्षी अर्धी रजा टाकतो. 'साहेब, गावाला पाणी आलं.' गाव त्याचं गडहिंग्लज, ते तर दुसऱ्याच नदीवर. आता साहेबांना हा धागा दाखवतो. :)

तालुक्याचा_वार्ताहर

बातम्या पाठवणाऱ्यांपैकी मी एक, म्हणून आमची बाजू मांडतो.

मथळा आम्ही देत नाही. एकदा मी बातमी दिली होती, 'नदी इशारा पातळीकडे'. सांगलीला आयर्विनपाशी इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. सकाळी अंक हातात पडला तर मथळा 'नदी धोका पातळीकडे'. पाच फुटांचा फरक, म्हणजे कित्येक गल्ल्यांचा. डेस्कवरच्या माणसाने नदी बघितलेली नव्हती आणि त्याला दोन्ही शब्द सारखेच वाटले. मी फोन करून भांडलो. दुसऱ्या दिवशी दुरुस्ती आली, आतल्या पानावर चार ओळींची. तोवर दत्तनगरमधली माणसं रात्रभर जागी होती. ते अजून माझ्या मनाला लागून आहे.

दुसरं, मृतांचा आकडा. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटली. पहिल्या बातम्यांत नऊ होते, शेवटी सतरा झाले. तेव्हाही लोक म्हणाले, आकडा लपवला. पण हाती लागलेले मृतदेह वेगळे आणि बेपत्ता वेगळे धरतात. प्रशासन मृतदेह सापडून ओळख पटेपर्यंत 'मृत' म्हणत नाही, आणि गावातला माणूस पहिल्या तासातच सांगतो की आमची इतकी माणसं बोटीत होती. दोघंही आपापल्या जागी खरंच बोलत असतात. अशा घटनेत पहिल्या दिवशीचा आकडा किमान समजायचा. 'आतापर्यंत' हा शब्द बातमीत आहे का, तेवढा बघत जा.

सांताक्रूझकर

२६ जुलै २००५ ची आठवण निघणारच होती. त्या दिवशी मी फोर्टमध्ये नोकरीला. दुपारी बायकोचा फोन, "घोट्याच्या वर पाणी आहे, लवकर निघ." मी खिडकीतून बघतो तर नेहमीचा पाऊस. मला वाटलं ही उगाच घाबरलीये. फोन बंद पडले, गाड्या बंद पडल्या आणि मी दुसऱ्या दिवशी दुपारी चालत घरी पोचलो.

पुढे आकडे आले. सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर आणि कुलाब्यात ७३-७४. एकच शहर, एकच दिवस! 'मुंबईत विक्रमी पाऊस' म्हणणाराही खरा आणि 'दक्षिण मुंबईत तसं काही नाही' म्हणणाराही खरा. मी बायकोचं ऐकलं नाही ते माझ्या खिडकीतून दिसणारं आभाळ मी सगळ्या मुंबईचं धरलं म्हणून. तेव्हापासून बातमीत 'मुंबई' असं दिसलं की मी आधी विचारतो, मुंबईत कुठे?

आणखी एक. पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ मोजतात. त्यामुळे सव्वीसचा पाऊस सत्तावीसच्या नोंदीत येतो. जुने आकडे ताडून बघणाऱ्याने हे ध्यानात ठेवलं नाही तर दोन कागद उगाच भांडतात.

अफवेचंही सांगतो. २८ जुलैच्या रात्री जुहूच्या नेहरूनगरमध्ये 'धरण फुटलं, समुद्र आत येतोय' अशी आवई उठली. त्सुनामीला जेमतेम सात महिने झाले होते, लोकांच्या डोळ्यांसमोर ते होतंच. अंधारात चेंगराचेंगरी झाली आणि डझनाहून जास्त माणसं गेली, त्यात लहान मुलं होती. त्या रात्री तिथे पाणी आलंच नव्हतं. म्हणून 'खबरदारी म्हणून फॉरवर्ड करतोय' हे वाक्य वाचलं की माझ्या अंगावर काटा येतो.

शंकासुर

सांताक्रूझकर, शेवटचा परिच्छेद वाचून थांबलो. गेल्या वर्षी तो अलमट्टीचा संदेश मीही पुढे पाठवला होता. यापुढे नाही पाठवणार.

पण अलमट्टीचा मुद्दा मी सोडत नाही. दर पुरात आपले पुढारी म्हणतात अलमट्टीमुळे, कर्नाटकवाले म्हणतात आमचा संबंध नाही. दोन सरकारं, दोन्ही अधिकृत. आता काय करायचं?

निपाणीचा_पाव्हणा

मी निपाणीचा. घरी मराठी, शाळेत कन्नड, सकाळी दोन्ही भाषांतले पेपर. २०१९ ला एकाच दिवशी दोन पेपर समोर ठेवून वाचले होते. मराठीत, अलमट्टी पाणी अडवून धरतंय. कन्नडमध्ये, महाराष्ट्राने एकदम पाणी सोडलं म्हणून आमची चिकोडी, अथणीची गावं बुडाली. माझी मावशी अथणी तालुक्यात नदीकाठी, तिच्या घरात पाणी. आत्या शिरोळला, तिच्याही घरात पाणी. दोघी एकमेकींना फोन करून विचारत होत्या, "तुझ्याकडच्यांनी सोडलं का गं?"

तेव्हापासून मी एक करतो. अलमट्टीबद्दल बोलणाऱ्याला विचारतो, आवक किती आणि जावक किती? आवक जास्त आणि जावक कमी असेल तर धरण भरतंय, मग शंका रास्त. दोन्ही सारखे असतील तर येईल तेवढं पुढे जातंय. त्या ऑगस्टमध्ये पुढे पाच लाख क्युसेकच्या वर विसर्ग गेला होता. पण 'दरवाजे बंद केलेत' या संदेशात कधीच आवक-जावक नसते. नुसता राग असतो.

शंकासुर

म्हणजे अलमट्टी निर्दोष? २०१९ च्या पुरानंतर आपल्या राज्याने नेमलेल्या वडनेरे समितीनेही तेच म्हटलं होतं आणि आता तेच राज्य अलमट्टीची उंची वाढवायला विरोध करतंय. आधीचं खोटं की आताचं?

पाटकरी

हा प्रश्न फार चांगला विचारलात. वडनेरे समितीसमोर प्रश्न होता २०१९ च्या पुराचा, आणि तेव्हा अलमट्टीची पूर्ण पातळी होती ५१९.६० मीटर. त्या पातळीला त्या पुराचं कारण अलमट्टी नाही, असं समितीने म्हटलं. आता वाद आहे तो पातळी ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्याचा. साडेचार मीटरहून जास्त, म्हणजे पंधरा फूट! पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' आलं म्हणून दुसऱ्याचंही 'नाही'च येईल असं नाही. त्यामुळे दोन्हींपैकी एक खोटंच असलं पाहिजे असं मी धरत नाही.

समितीचा निष्कर्ष न पटणारेही आहेत. आपल्या भागातल्या पूरनियंत्रणाच्या चळवळीतल्या मंडळींनी त्यावर आकडेवारीनिशी आक्षेप घेतले, पावसाळ्यात पातळी ५१७ मीटरच्या आसपास ठेवा ही त्यांची मागणी आहे. ती मंडळी नदीकाठावर राहतात, त्यांचं म्हणणं मी कधी उडवून लावत नाही. पण कोणीही बोलो, मंत्री, अभियंता की चळवळीतला, नुकसानीचा दोष दुसऱ्याच्या पदरात पडला तर ज्याचं भलं होतं त्याचं कारणाबद्दलचं विधान मी दोनदा वाचतो. 'किती पाणी' हे त्याच्याकडून घेतो. 'कोणामुळे' हे घेत नाही.

आणि कोयना-अलमट्टीच्या भांडणात एक गोष्ट विसरतो आपण. धरणाच्या खाली जो पाऊस पडतो त्याला दरवाजा नाही. तो मुक्त पाणलोट. २२-२३ जुलै २०२१ ला महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. ओढे-नाल्यांतून जे आलं ते कोणी सोडलं नव्हतं.

औसेकर

थोडं अवांतर, पण जोडलेलं आहे. किल्लारीचा भूकंप, ३० सप्टेंबर १९९३, गणपती बोळवून माणसं नुकती झोपली होती. मी तेव्हा नववीत. पेपरात तीव्रता ६.४ वाचली, पुढे पुस्तकांत ६.२ दिसली. आमच्या गावात अजून म्हातारी माणसं म्हणतात, भरपाई कमी द्यायला आकडा उतरवला. पुढे भूगोलाच्या सरांनी सांगितलं की तीव्रता मोजायच्या पद्धतीच दोन-तीन आहेत आणि प्रत्येकीचा आकडा जरा वेगळा येतो. पण ज्याचं घर गेलं त्याला हे त्या वेळी कोणी समजावून सांगितलं नाही. संशयाला तिथेच पाय फुटले.

डब्लिनहून

औसेकर, अगदी. सांगायला कोणी नसलं की माणूस संशय घेतो.

२०१९ ला मी इथे आणि घरचे शिरोलीच्या पलीकडे. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीपाशी बंद, घरच्यांचे फोन बंद. रात्री दोन वाजता मोबाइलवर व्हिडिओ आला: 'कोयना धरण आत्ता', प्रचंड पाणी, न संपणारी दरवाज्यांची रांग. मी रडायला लागले. नवऱ्याने व्हिडिओ थांबवून दरवाजे मोजले. वीसच्या पुढे गेले. कोयनेला वक्री दरवाजे सहा! अलमट्टीला सव्वीस. म्हणजे धरण कुठलंही असो, कोयना नव्हतं. शिवाय पुलावर उभी असलेली माणसं कोरडी, छत्री एकाकडेही नाही, आणि कोल्हापुरात तर आठवडाभर पाऊस थांबला नव्हता. त्या रात्री मला झोप लागली ती त्या सहा आकड्यामुळे.

सुतारवाडा

सहा. ध्यानात ठेवतो.

वाळव्याची_वैनी

कृष्णाकाठी, सगळे आयर्विनचे फूट सांगतायत, पण आयर्विनला ४५ झालं तर तुमच्या दारात किती, हे तुम्हाला माहीत आहे का?

आमच्या सासूबाईंनी ते काढून ठेवलं होतं. गोठ्याच्या भिंतीवर गेरूने रेघा. २००५ ची एक, २०१९ ची एक, २०२१ ची एक, आणि प्रत्येकीच्या बाजूला ताकारी पुलाची त्या वेळची पातळी. नदी चढायला लागली की त्या भिंतीकडे बघायच्या आणि सांगायच्या, "अजून चार फूट आहे, म्हशी उद्या सोडू." लोक त्यांना अडाणी म्हणायचे. त्यांच्याइतका अचूक अंदाज मी कोणाचा पाहिला नाही.

दुसरं, उंबरा बघू नका, रस्ता बघा. घर कोरडं असतं आणि गल्लीच्या तोंडाशी पाणी असतं, मग टेम्पो आत येत नाही. आम्ही २०१९ ला त्यात अडकलो.

तिसरं, एका पुलावरून ठरवू नका. रोजच्या पत्रकात कराडचा कृष्णा पूल, बहे, ताकारी, भिलवडी, आयर्विन, अंकली, सगळे ओळीने असतात. वरचे पूल उतरायला लागले की तुमच्याकडेही थोड्या वेळाने उतरणार. वर चढत असेल आणि सांगलीत शांत असेल, तर ती शांतता फसवी.

पाटकरी

वैनी, हे मी लिहायला हवं होतं. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

वाळव्याची_वैनी

त्या गेल्या, काका, दोन वर्षं झाली. रेघा आहेत.

कृष्णाकाठी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री धागा पुन्हा वरपासून वाचला आणि बाबांना फोन लावला. दोन तास आम्ही तेच करत होतो.

२००५ ला आयर्विनला पाणी चोपन्न फुटांच्या जवळ गेलं होतं, तेव्हा उंबऱ्याला टेकलं. २०१९ ला साडेसत्तावन्नच्या आसपास, तेव्हा घरात छातीला. म्हणजे हिशेब बरोबर बसतो: वरचे साडेतीन-चार फूट तेच आमच्या घरातलं पाणी. बाबा एकदम गप्प झाले. मग म्हणाले, "मला उंबरा माहीत होता गं, पण मी कधी आकडा लावला नाही."

रस्त्याचं विचारलं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पाणी कधी येतं ते त्यांना ठाऊक नव्हतं, म्हणून ते सकाळी कोपऱ्यावरच्या किराणावाल्या काकांकडे गेले. काकांना तोंडपाठ होतं: आयर्विनला अठ्ठेचाळीस झालं की त्यांच्या दुकानाची पहिली पायरी भिजते. गोण्या उचलण्यासाठी त्यांनी ते लक्षात ठेवलंय.

मग आई, बाबा आणि मी मिळून ठरवलं. चाळीसला बाबांची पेटी, कागदपत्रं आणि आईची औषधं वरच्या मजल्यावर. ताकारी आणि भिलवडी चढतच असतील आणि आयर्विन त्रेचाळीसला असेल, तर टेम्पो. चढत नसतील तर थांबायचं. वाहिनीवर काय आहे याने काही बदलणार नाही. आई पहिल्यांदा म्हणाली, "असं असेल तर मी हलेन."

मामालाही ग्रुपवर विचारलं, "आवक किती, जावक किती?" त्याने अजून उत्तर दिलेलं नाही, पण संदेश काढून टाकलाय.

किर्लोस्करवाडीकर

आमच्या भिलवडीच्या पुलाची पातळी मी रोज सकाळी कामावर जाताना बघतो. पावसाळ्यात इथेच टाकत जाऊ का?

कृष्णाकाठी

टाका, दादा. वेळही लिहा म्हणजे झालं.